तज्ज्ञाचा अहवाल कपाटात ठेवू नका

मागच्या अंकातल्या मृत्युपत्रावरच्या लेखात मी एक वाक्य लिहिलं होतं: "सही खोटी आहे असं वाटत असेल तर हस्ताक्षरतज्ज्ञाचं मत घ्या." त्या एका वाक्यावर एवढी पत्रं आली की हे पूर्ण सदर मी तज्ज्ञ साक्षीदारांनाच दिलं आहे. सातारा जिल्हा न्यायालयात गेली सत्तावीस वर्षं मी दिवाणी दावे चालवते. तज्ज्ञाच्या साक्षीवर फिरलेले खटले पाहिले आहेत आणि तज्ज्ञ असूनही बुडालेलेही. पत्रं थोडक्यात देते, नावं वगळून.

कराड तालुक्यातून एक वाचक लिहितात: "ताई, वडील २०१९ साली वारले. वर्षश्राद्धानंतर धाकट्या भावाने मृत्युपत्र पुढे केलं. सगळी बागायत त्याच्या नावावर. त्यावरची सही वडिलांची नाही. मी वाटपाचा दावा लावला आहे. पुण्याच्या एका खासगी हस्ताक्षरतज्ज्ञाकडून अहवाल घेतला, तोही म्हणतो की सही जुळत नाही. पण आमचे वकील म्हणतात, अहवाल इतक्यात दाखवायचा नाही. भावाची उलटतपासणी होऊ दे, मग बाहेर काढू. काय करावं?"

दादा, अहवाल आताच दाखल करा. तुमच्या वकिलांना विचारून करा, पण आग्रह धरा.

त्यांच्या मनात काय आहे ते मला कळतं. समोरच्या साक्षीदाराला उलटतपासात अचानक दाखवायचे कागद आधी दाखल करायची सक्ती दिवाणी प्रक्रिया संहितेत नाही, ती सवलत खरीच आहे. भावाचं एखादं जुनं पत्र तुमच्याकडे असेल तर ते असं वापरता येईल. पण तज्ज्ञाचा अहवाल हा भावाला दाखवण्याचा कागद नाही. तो तुमचा स्वतःचा पुरावा आहे आणि तो शाबीत करायला तुम्हाला तज्ज्ञाला पिंजऱ्यात उभं करावं लागणार आहे. त्यासाठी त्याचं नाव साक्षीदारांच्या यादीत हवं. ही यादी कोर्टाने वादाचे मुद्दे काढल्यापासून पंधरा दिवसांच्या आत द्यायची असते. उशीर झाला तर पुरेसं कारण सांगून परवानगी मागता येते, पण "मुद्दाम लपवून ठेवला होता" हे काही कारण होत नाही. पुरावा संपल्यावर नवा पुरावा आणू देणारा संहितेच्या आदेश १८ मधला नियम १७-अ तर २००२ पासून काढूनच टाकला आहे.

यापेक्षा मोठं कारण मात्र वेगळं आहे. तज्ज्ञ हा घडलेली गोष्ट पाहिलेला माणूस नाही. तुमचे वडील सही करत होते तेव्हा तो तिथे नव्हता. त्याच्या शब्दाला वजन येतं ते त्याच्या कारणांमुळे. २००९ साली रमेश चंद्र अग्रवाल विरुद्ध रिजन्सी हॉस्पिटल या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं: तज्ज्ञाने कोणत्या सामग्रीवरून, कोणत्या कारणांनी मत बनवलं ते कोर्टापुढे ठेवायला हवं, म्हणजे न्यायाधीशाला स्वतःचं मत बनवता येईल. ही कारणं समोरच्याने वेळ घेऊन तपासली, त्यावर प्रश्न विचारले आणि तरी ती टिकली, तरच न्यायाधीशाला त्यांवर विसंबता येतं. शेवटच्या तारखेला बाहेर काढलेल्या अहवालावर आधी तहकुबी जाते, मग भावाचा तज्ज्ञ येतो, मग दोन वर्षं जातात.

आता तुमचा अहवाल हातात घ्या आणि तज्ज्ञाने कशाशी काय जुळवून पाहिलं ते वाचा. वादग्रस्त सही मूळ कागदावर पाहिली की झेरॉक्सवर? झेरॉक्सवर पेनाचा दाब दिसत नाही, हात कुठे थांबला, कुठे उचलला तेही दिसत नाही. मूळ मृत्युपत्र कोर्टात जमा असेल तर तज्ज्ञाला ते कर्मचाऱ्यासमोर पाहण्याची आणि फोटो घेण्याची परवानगी मागणारा अर्ज द्या. आदेश २६ नियम १०-अ खाली कोर्टाकडून शास्त्रीय तपासणी करवून घेण्याची मागणीही करता येते. मान्य सह्या, म्हणजे ज्यांच्याबद्दल वाद नाही अशा, किती आणि कोणत्या सालच्या? मृत्युपत्राच्या आसपासच्या वर्षांतल्या हव्यात, आणि एक-दोन नकोत, आठ-दहा तरी हव्यात. कोणाचीही सही रोज थोडी वेगळी येते. त्या वेगळेपणाचा आवाका कळल्याशिवाय "जुळत नाही" म्हणण्याला अर्थ नाही. बँकेचं नमुना कार्ड, विकास सोसायटीचे कर्जरोखे, नोंदणी कार्यालयातली खरेदीखतं, साखर कारखान्याचा सभासद अर्ज या कागदांवर वडिलांच्या सह्या सापडतील, आणि त्या घरात कुणी तयार केल्या असं भाऊ म्हणू शकणार नाही.

माझ्याच वकिलीतली एक जुनी गोष्ट सांगते. असाच मृत्युपत्राचा दावा, मी सही नाकारणाऱ्या बाजूने. माझ्या पक्षकारांनी तज्ज्ञाला सहा मान्य सह्या दिल्या, सगळ्या १९९८ च्या. मृत्युपत्र होतं २०११ चं. मान्य सहीतला 'ळ' बघत राहावं असा होता, दोन्ही गाठी एका दमात घातलेल्या, पेन कुठेही न थांबता. मृत्युपत्रावरचा 'ळ' तुटक, पहिल्या गाठीनंतर पेन उचललेलं, दुसरी गाठ अर्धीच. तज्ज्ञाने लिहिलं, नक्कल करणाऱ्याचा हात असा अडखळतो. अहवाल वाचून मला वाटलं की दावा जिंकलाच. उलटतपासाला समोर एक वयस्कर वकील होते. त्यांनी आवाज न चढवता एवढंच विचारलं, "या गृहस्थांना २००६ साली अर्धांगाचा झटका येऊन उजवा हात गेला होता आणि वर्षभराने थोडा परत आला, हे आपल्याला कोणी सांगितलं होतं का?" तज्ज्ञ माझ्याकडे बघायला लागले. मलाही ते ठाऊक नव्हतं. "सांगितलं असतं तर मत बदललं असतं का?" ते प्रामाणिक गृहस्थ होते. म्हणाले, "बदलू शकलं असतं. २००६ नंतरच्या सह्या मागितल्या असत्या." झालं, आमचा तज्ज्ञ तिथेच संपला. सही खरी होती की खोटी, मला आजही माहीत नाही. आणि ती कधीच कळणार नाही, कारण आमच्याच माणसांनी तज्ज्ञापासून आजारपण लपवलं होतं.

तेव्हापासून मी प्रत्येक पक्षकाराला सांगते, तुमच्या विरुद्ध जाणारं जे काही आहे ते तज्ज्ञाला सगळ्यात आधी द्या. वडिलांना कंपवात होता का, चष्मा बदलला होता का, शेवटच्या दिवसांत अंथरुणावर सह्या केल्या का, हे तज्ज्ञाच्या अहवालातच येऊ द्या. त्याने ते धरून मत दिलं असेल तर उलटतपासात ते कोसळत नाही.

आणि एक विसरू नका. मृत्युपत्र सिद्ध करण्याचा भार ते पुढे करणाऱ्यावर, म्हणजे भावावर आहे. मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सह्या केलेल्यांपैकी निदान एकाला, तो हयात आणि कोर्टापुढे येऊ शकणारा असेल तर, भावाला तपासावंच लागेल. तुमचा मुख्य सामना त्या साक्षीदाराशी आहे, तज्ज्ञाचं मत त्याच्या जोडीला. एकट्या तज्ज्ञावर सगळा दावा टांगू नका.

कोथरूडहून एक ज्येष्ठ वाचक: "शेजारच्या प्लॉटवर तळघरासाठी खोल खोदकाम झालं आणि आमच्या बंगल्याच्या भिंतीला भेगा गेल्या. ओळखीच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरनी चार महिने येऊन मोजमापं घेतली, अहवाल दिला. नाइलाजाने नंतर भिंत दुरुस्त करून घेतली. दावा चालू आहे. आता इंजिनिअर साहेब मुलाकडे मेलबर्नला कायमचे गेले. बिल्डरचे वकील म्हणतात, साक्षीला प्रत्यक्ष आले नाहीत तर अहवाल रद्दी. व्हीसीवरची (व्हिडिओ कॉन्फरन्सिंगवरची) साक्ष दिवाणी कोर्टात चालते का? आणि चालली तरी तिला किंमत असते का?"

चालते. आणि तुमच्या दाव्यात तिच्याशिवाय गत्यंतर नाही. भिंत दुरुस्त झाली आहे. आज कोर्टाने दुसरा तज्ज्ञ पाठवला तरी त्याला नवं प्लास्टर दिसेल. त्या भेगा वाढताना पाहिलेला एकच जाणकार आहे, तो मेलबर्नला आहे.

या वाटेचा उगम मुंबईतल्याच एका प्रकरणात आहे. महाराष्ट्र शासन विरुद्ध डॉ. प्रफुल्ल देसाई हा फौजदारी खटला होता. कर्करोगाच्या एका रुग्णावर शस्त्रक्रिया करण्याजोगी स्थिती नाही असं मत न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंग रुग्णालयातल्या डॉ. ग्रीनबर्ग यांनी दिलं होतं, आणि नंतर मुंबईत शस्त्रक्रियेचा निर्णय झाला. ग्रीनबर्ग साक्ष द्यायला तयार होते, पण भारतात यायला नाही. उच्च न्यायालयाने व्हिडिओ कॉन्फरन्सिंग नाकारलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २००३ रोजी त्याला परवानगी दिली आणि स्पष्ट केलं की पडद्यावर दिसणारा, ऐकू येणारा, प्रश्नांना त्याच क्षणी उत्तर देणारा माणूस हा हजरच आहे. (पुढे २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने आरोपी डॉ. देसाईंना निर्दोष ठरवलं, हेही सांगायला हवं.) जिथे आरोपीचं स्वातंत्र्य पणाला लागलेलं असतं तिथे ही साक्ष चालते, तर भिंतीच्या नुकसानभरपाईच्या दाव्यात न चालायला कारण उरत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात तर पुराव्याच्या व्याख्येतच इलेक्ट्रॉनिक पद्धतीने दिलेली निवेदनं आली आहेत. तुमचा खटला त्याआधीपासून चालू असल्याने त्याला जुनाच कायदा लागेल, पण म्हणून अडणार नाही.

मुंबई उच्च न्यायालयाचे व्हिडिओ कॉन्फरन्सिंगचे २०२२ चे नियम आहेत, ते आपल्या जिल्हा न्यायालयांनाही लागू आहेत आणि गोव्यातल्या कोर्टांनाही. परदेशातला साक्षीदार असेल तर दुसऱ्या टोकाला समन्वयक म्हणून भारतीय वकिलातीतला अधिकारी असतो. मेलबर्नला आपलं वाणिज्य दूतावास आहे, ते सोयीचं पडेल. तुमच्या वकिलांनी आधी बिल्डरच्या वकिलांशी बोलून, मग ठरल्या नमुन्यात अर्ज करायचा. खर्च बहुधा तुमच्यावर येईल. वेळ भारतीय घड्याळाने ठरते. आपल्याकडे सकाळचे अकरा वाजतात तेव्हा मेलबर्नला हिवाळ्यात दुपारचे साडेतीन आणि उन्हाळ्यात साडेचार झालेले असतात, म्हणजे कचेरी बंद व्हायची वेळ. त्यामुळे तारीख मागतानाच "बोर्डावर पहिलं प्रकरण" अशी विनंती करा. नाहीतर आपल्याकडे पुकारा होईपर्यंत तिकडे दिवे मालवलेले असतील.

सरतपास, म्हणजे साक्षीदाराचं स्वतःच्या बाजूचं मूळ म्हणणं, शपथपत्रावर होतो, त्यामुळे पडद्यावर खरी गोष्ट उलटतपासाची. आणि तिथे सगळ्यात जास्त घोळ कागदांचा होतो. वकील इथे म्हणतात, "निशाणी ४२, पान सात पाहा," आणि साक्षीदार तिकडे वेगळंच पान काढून बसतो. म्हणून अहवाल, फोटो, नकाशे, सगळ्याचा एकच पान क्रमांक घातलेला संच करा. एक कोर्टात, एक बिल्डरच्या वकिलांना, एक समन्वयकाकडे आधीच पोचवलेला. इंजिनिअर साहेबांची मूळ मोजमाप वहीही त्यात हवी. तुम्ही पत्रात लिहिलंय की त्यांनी भेगांवर काचेच्या पट्ट्या चिकटवून प्रत्येकीवर तारीख घातली होती. हा तुमचा सगळ्यात बोलका पुरावा आहे. भेग स्थिर असेल तर पट्टी अखंड राहते, वाढली की काच तडकते. कोणती पट्टी कोणत्या आठवड्यात तडकली आणि त्या आठवड्यात शेजारी खोदकाम किती खोल गेलं होतं, हे वहीवरून जुळवून दाखवता आलं तर बिल्डरच्या वकिलांना "बंगला जुनाच होता" हे म्हणणं जड जाईल. पट्ट्यांचे फोटो डिजिटल असतील तर ते कोणत्या यंत्रातून, कसे निघाले हे सांगणारं जे प्रमाणपत्र सोबत लागतं ते आताच तयार करून घ्या. जालन्याच्या निवडणूक वादातून निघालेल्या अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली या प्रमाणपत्राची सक्ती पक्की केली. मूळ फोन किंवा कॅमेराच कोर्टात आणून शाबीत करणार असाल तर गोष्ट वेगळी.

आता किमतीबद्दल. "पडद्यावरच्या साक्षीदाराची उलटतपासणी होतच नाही" असं जे म्हणतात त्यांना मी इस्लामाबादचं एक उदाहरण सांगते. नवाज शरीफ कुटुंबाच्या लंडनमधल्या फ्लॅटांच्या खटल्यात एका विश्वस्त लेखावर फेब्रुवारी २००६ ची तारीख होती आणि तो कॅलिब्री या टंकात (फॉन्टमध्ये) छापलेला होता. हा टंक २००७ च्या सुरुवातीला बाजारात आला, म्हणून लेख मागची तारीख घालून केला असं ब्रिटिश दस्तऐवजतज्ज्ञ रॉबर्ट रॅडली यांचं मत होतं. फेब्रुवारी २०१८ मध्ये त्यांची साक्ष लंडनच्या पाकिस्तानी उच्चायुक्तालयातून व्हिडिओवर झाली. उलटतपासात त्यांच्याकडून निघालं की विंडोज व्हिस्टाच्या चाचणी आवृत्तीबरोबर हा टंक काही मोजक्या लोकांना आधीच मिळत होता, आणि त्यांनी स्वतः तो २००५ साली उतरवून घेतला होता. हजारो मैलांवरून, पडद्यावर, चांगल्या वकिलाने हे काढून घेतलं. खटल्याचं पुढे काय झालं हा वेगळा विषय, पण अंतर आहे म्हणून सत्य बाहेर येत नाही असं नाही.

अंतराची अडचण दुसरीकडे आहे, आणि ती मी जवळून पाहिली आहे. कोविडच्या काळात एका दाव्यात समोरच्यांचा मूल्यांकन तज्ज्ञ स्वतःच्या घरून साक्ष देत होता. माणूस हुशार, पण प्रत्येक उत्तराआधी त्याची नजर डावीकडे जायची, क्षणभर थांबायची आणि परत कॅमेऱ्यावर यायची. तिसऱ्या-चौथ्या प्रश्नाला मी हे न्यायाधीशांच्या नजरेला आणून दिलं. त्यांनी शांतपणे सांगितलं, "लॅपटॉप उचला आणि खोली सगळीकडून दाखवा." डावीकडे खुर्चीत वही घेतलेला एक तरुण बसला होता. साक्ष तिथेच थांबली. पुढच्या तारखेला ती जवळच्या न्यायालयातल्या व्हीसी खोलीतून, तिथल्या कर्मचाऱ्यासमोर झाली, आणि बरीच वेगळी झाली. म्हणून तुम्हाला सांगते, इंजिनिअर साहेबांना मुलाच्या दिवाणखान्यातून साक्ष द्यायला लावू नका, कोर्टाने परवानगी दिली तरी. वकिलातीत एक चक्कर होईल, पण मग "मागे कोण होतं" हा प्रश्न कोणी काढणार नाही.

साहेबांना एवढंच सांगा, आवाज तुटला तर लगेच हात वर करून सांगायचं, अर्धवट ऐकलेल्या प्रश्नाला अंदाजाने उत्तर द्यायचं नाही. आणि जबाब सही करण्याआधी पूर्ण वाचायचा. इथे आमच्या स्टेनोने "मिलिमीटर"चं "मीटर" केलेलं मी पाहिलं आहे.

सिन्नर तालुक्यातून एक शेतकरी वाचक: "बांधाच्या वादात कोर्टाने भूमी अभिलेखच्या मोजणीदाराला कमिशनर नेमलं. मोजणीत आमचे पाच गुंठे शेजाऱ्याकडे दाखवले. आम्ही खासगी सर्व्हेअरकडून मोजून घेतलं तर उलटंच निघतं. कोर्ट म्हणतं सरकारी मोजणी झाली, आता काय राहिलं. खासगी अहवाल दिला तर चालेल का?"

भाऊ, दोन्ही अहवालांत कायद्याने फरक आहे. कोर्टाने नेमलेल्या कमिशनरचा, म्हणजे कोर्टाच्या वतीने जागेवर जाणाऱ्या माणसाचा, अहवाल आपोआप दाव्याच्या कागदपत्रांचा भाग होतो, पुरावा म्हणून वाचला जातो. तुमचा खासगी सर्व्हेअर मात्र तुमचा साक्षीदार. त्याला बोलावून अहवाल शाबीत करावा लागतो. हद्दीच्या आणि अतिक्रमणाच्या वादात कोर्टाने मोजणी करवून घ्यावी असं मुंबई उच्च न्यायालयाने अनेकदा सांगितलं आहे, त्यामुळे न्यायाधीशांचा कल सरकारी मोजणीकडे असणं स्वाभाविक आहे. पण पुरावा आहे म्हणजे तो अखेरचा शब्द आहे असं नाही. तुम्हाला हरकती घेता येतात आणि कमिशनरला साक्षीला बोलावून उलटतपासही घेता येतो. बहुतेक जण नुसती "मोजणी मान्य नाही" अशी हरकत देतात. त्याने काही होत नाही.

हरकत जागेवरची लिहा. मोजणीची नोटीस तुम्हाला कोणत्या तारखेला मिळाली? पंचनाम्यावर तुमची सही आहे का? मोजणीदाराने कोणत्या कायम खुणांवरून सुरुवात केली, जुने हद्दीचे दगड सापडले का, की शेजाऱ्याने दाखवलेल्या बांधावरून? मूळ टिपण, फाळणी नकाशा आणि गुणाकार बुक हे जुन्या मोजणीचे कागद त्याने जागेवर आणले होते की नुसता गटाचा नकाशा? दोन्ही गट पूर्ण मोजले की वादाचा बांध तेवढाच? एकच बांध मोजून पाच गुंठे कुठे गेले हे कळणार नाही, त्यासाठी दोन्ही गटांचं क्षेत्र सात-बाराशी ताडून पाहावं लागतं. या प्रश्नांची उत्तरं मोजणीदाराकडे नसतील तर फेरमोजणीचा अर्ज जोर धरतो. तुमच्या खासगी सर्व्हेअरचा खरा उपयोग इथे आहे. साक्षीदार म्हणून उभा करण्याआधी त्याला वकिलांच्या शेजारी बसवा आणि कमिशनरला काय विचारायचं ते त्याच्याकडून समजून घ्या.

न्यू जर्सीहून एक मराठी अभियंता: "मी इथल्या फेडरल कोर्टात एकदा तज्ज्ञ म्हणून साक्ष दिली. आधी अहवाल देताना माझ्याकडून इतकी माहिती मागितली की मी थक्क झालो. नागपूरला चुलत भावाच्या दाव्यात तज्ज्ञाचा अहवाल साक्षीच्या दिवशीच समोर आला म्हणे. आपल्याकडे असा नियम नाही का?"

नाही, आणि असायला हवा असं मला मनापासून वाटतं. तुमच्याकडच्या फेडरल दिवाणी नियमांत नियम २६ प्रमाणे पैसे देऊन नेमलेल्या तज्ज्ञाने सही केलेला लेखी अहवाल द्यायचा असतो: सगळी मतं, त्यांची कारणं, विचारात घेतलेली तथ्यं, दहा वर्षांतलं लेखन, चार वर्षांत कुठे कुठे साक्ष दिली त्याची यादी आणि किती पैसे मिळणार तेही. कोर्टाने वेगळं काही ठरवलं नसेल तर हे सगळं सुनावणीच्या निदान ९० दिवस आधी. न दिल्यास, योग्य कारण नसेल आणि नुकसान झालं असेल तर तज्ज्ञाला बोलूच दिलं जात नाही. आपल्या संहितेत साक्षीदारांची यादी आहे, कागद दाखल करण्याचे नियम आहेत, शपथपत्राची प्रत आधी देणं आहे. पण तज्ज्ञाने काय काय उघड करावं याची अशी यादी नाही. ते वकिलाच्या सचोटीवर आणि न्यायाधीशाच्या आग्रहावर राहतं. ती यादी आपल्या संहितेत आली तर तालुक्याच्या कोर्टातल्या माणसाचे निम्मे हेलपाटे वाचतील.

व्हिडिओच्या बाबतीत मात्र आपण अधिक मोकळे आहोत. तुमच्याकडे नियम ४३ प्रमाणे साक्ष उघड्या न्यायालयातच व्हायला हवी, दुरून साक्ष द्यायची तर सबळ कारण, निकडीची परिस्थिती आणि योग्य खबरदारी हे सगळं दाखवावं लागतं. नागपूरच्या तुमच्या भावाला सांगा, तज्ज्ञाचा अहवाल त्या दिवशी मिळाला असेल तर उलटतपासासाठी वेळ मागणारा लेखी अर्ज द्यावा आणि रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या त्या दिवसाच्या कामकाजाच्या नोंदीत, तसं लिहून घ्यावं. तोंडी मागितलेली वेळ अपिलात कुठेच दिसत नाही.

कोल्हापूरहून एक तरुण स्थापत्य अभियंता: "पहिल्यांदाच साक्षीला जायचंय. समोरचे वकील 'किती पैसे घेतले' असं विचारतात असं ऐकलं. काय सांगू?"

जो आकडा असेल तो. पाहणीचे इतके, अहवालाचे इतके, आजच्या दिवसाचे इतके, आणि पावती दिली असेल तर पावती. मानधन घेणं यात लाजण्यासारखं काही नाही. कामाचे पैसे घेता येतात. निकालावर अवलंबून असलेले पैसे मात्र कधीही घेऊ नका, "जिंकलो तर इतके" असं कोणी म्हणालं तर ते काम सोडा. आकडा सांगताना तुम्ही चाचरलात की न्यायाधीश तुमच्या मोजमापाकडेही संशयाने बघायला लागतात.

आणखी एक. "माझ्या मते" आणि "मी मोजलं" हे वेगळं ठेवा. मोजलेलं वहीतून वाचून दाखवा, मत असेल तर कारणासकट सांगा. जे तुमच्या विषयातलं नाही, उदाहरणार्थ मातीची धारणक्षमता, त्यावर विचारलं तर "हा माझा विषय नाही" म्हणा. साक्षीला जाताना मूळ वही, पदवीचं प्रमाणपत्र आणि जागेवर वापरलेली टेप घेऊन जा. टेप मागतील असं नाही, पण मागच्याच महिन्यात आमच्याकडे मागितली होती, आणि ती पहिले दोन सेंटिमीटर तुटलेली निघाली.